गृहकर्ज मुदतीआधी फेडायचंय? पहिल्यांदाच जादा रक्कम भरणाऱ्यांसाठी

४० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या वर्षाचे बारा हप्ते भरून झाले की खात्यातून सुमारे ४ लाख १७ हजार गेलेले असतात आणि कर्ज उतरलेलं असतं जेमतेम ८० हजारांनी. उरलेले ३ लाख ३७ हजार व्याजात गेले. दहा वर्षं झाली, निम्मी मुदत सरली, तरी २८ लाख बाकीच असतात. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तुमच्याही घरी सध्या असंच काही चाललं असेल तर पुढचं नीट वाचा, कारण यातून बाहेर पडायला लॉटरी लागत नाही. थोडी शिस्त लागते, आणि बँकेला लेखी कळवायची सवय लागते.

आधी हे असं का होतं ते समजून घेऊ. बँक दर महिन्याला शिल्लक मुद्दलावर व्याज काढते. वरच्या उदाहरणात पहिल्या महिन्याचं व्याज २८,३३३ रुपये. हप्त्यातून आधी ते वळतं होतं आणि उरलेले ६,३८० मुद्दलात जातात. पुढच्या महिन्यात मुद्दल तेवढंच कमी, म्हणून व्याजही किंचित कमी. सुरुवातीची कित्येक वर्षं ही गाडी अशी रखडतच चालते.

आता जादा रकमेचं बघा. त्या महिन्याचं व्याज हप्त्यातून आधीच वसूल झालेलं असतं. त्यामुळे हप्त्याशिवाय तुम्ही जे भरता ते सगळंच्या सगळं मुद्दलातून वजा होतं. त्या रकमेवर पुढची सगळी वर्षं जे व्याज लागलं असतं, ते लागतच नाही. म्हणून रक्कम किती भरली याच्याइतकंच ती कधी भरली हेही महत्त्वाचं आहे. याच कर्जात पहिलं वर्ष संपताना २ लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत २६ महिन्यांनी घटते आणि सुमारे ७ लाख १० हजारांचं व्याज वाचतं. तेच २ लाख दहाव्या वर्षाअखेर भरले तर वाचतात साधारण २ लाख ४७ हजार. पंधराव्या वर्षाअखेर भरले तर ९७ हजारांच्या आसपास. रक्कम तीच, कर्ज तेच.

पहिली पायरी: कर्जाचे कागद समोर घ्या

बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेतून कर्जखात्याचा उतारा आणि परतफेडीचा तक्ता मागवा. चार गोष्टी शोधा: आजची शिल्लक मुद्दल, सध्याचा व्याजदर, उरलेले हप्ते, आणि दर कशाशी जोडलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशानुसार आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवणारं विवरण दर तिमाहीला कर्जदाराला मिळायला हवं. मिळत नसेल तर मागून घ्या.

उरलेल्या हप्त्यांचा आकडा जरा निरखून पाहा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. तेव्हा बऱ्याच कर्जदारांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. वीस वर्षांचं कर्ज पंचवीसच्या पुढे गेलेलं लोकांना फार उशिरा कळलं. तुमची शेवटच्या हप्त्याची तारीख निवृत्तीच्या पलीकडे जात असेल, तर जादा रक्कम भरणं ही तुमच्यासाठी निकडीची गोष्ट आहे.

दुसरी पायरी: आधी व्याजदर कमी करून घ्या

ही पायरी लोक सर्रास गाळतात. चढ्या दराच्या कर्जात जादा पैसे भरत राहणं म्हणजे टाकीचा नळ गळत असताना बादलीनं पाणी भरत राहणं.

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर नव्यानं ठरतो. त्याआधीची कर्जं एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेच्या स्वतःच्या दरांवर असतील तर दरकपात तिथे हळूहळू आणि अर्धीमुर्धी पोचते. गृहवित्त कंपन्यांचे दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दराशी जोडलेले असतात. तिथे जुन्या ग्राहकाला एक दर आणि नव्याला दुसरा, असं सहज आढळतं. २०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आला. तुमचा दर त्या वर्षात कितीनं उतरला ते उताऱ्यात तपासा. फारसा उतरला नसेल तर शाखेत जाऊन दर बदलून मागा. त्यासाठी किरकोळ रूपांतर शुल्क घेतात. ३९ लाख शिल्लक असताना अर्धा टक्का कमी झाला तरी वर्षाला १९,५०० रुपये वाचतात, त्यामुळे शुल्क बहुधा काही महिन्यांतच भरून निघतं.

ऐकतच नसतील तर कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याचा मार्ग आहे. पण तेव्हा प्रक्रिया शुल्क, वकिलाचा अहवाल, मुद्रांक शुल्क असा खर्च पुन्हा येतो. मुदत भरपूर उरली असेल आणि दरात ठळक फरक पडत असेल तरच त्या वाटेला जा.

दर उतरल्यावर हप्ता कमी करून देऊ का, असं विचारलं तर नको म्हणा. जुनाच हप्ता चालू ठेवा. खिशाला वेगळी झळ न लागता कर्ज लवकर फिटायचा याहून सोपा उपाय नाही.

तिसरी पायरी: घरात काय शिल्लक ठेवायचं ते ठरवा

कर्जात भरलेला पैसा सहजी परत मिळत नाही. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते एवढी रक्कम बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत राहू द्या. तिला हात लावू नका. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तर बँक मागच्या वर्षी तुम्ही तीन लाख जादा भरले होते म्हणून हप्ता माफ करत नाही.

क्रेडिट कार्डाची बाकी, वैयक्तिक कर्ज, दुकानातून हप्त्यावर घेतलेला फोन, हे सगळं गृहकर्जाच्या आधी फेडा. कार्डाच्या बाकीवर वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज लागू शकतं. तिथे पैसे अडकलेले असताना साडेआठ टक्क्यांचं कर्ज घाईनं फेडण्यात अर्थ नाही. घरातल्या कमावत्या माणसाचा मुदत विमा आणि सगळ्यांचा आरोग्य विमा नसेल तर तोही आधी काढा.

मग प्रश्न येतो, हेच पैसे दुसरीकडे गुंतवले तर? कर्जात भरलेल्या रकमेचा परतावा म्हणजे वाचलेलं व्याज: साडेआठ टक्के, खात्रीचा, आणि त्यावर कर नाही. मुदत ठेवीवर ७ टक्के मिळाले आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या करपायरीत असाल तर हातात पाच टक्केही पडत नाहीत. एकीकडे ठेव आणि दुसरीकडे कर्ज, ही आपल्याकडच्या घराघरांत दिसणारी जोडी म्हणूनच तोट्याची आहे. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीतून दीर्घ मुदतीत जास्त मिळू शकतं, पण त्याची हमी कुणी देत नाही. माझं मत विचाराल तर एसआयपी चालू असेल ती बंद करू नका, आणि नव्यानं येणारा जादा पैसा कर्जाकडे वळवा. निवृत्तीला दहा वर्षांहून कमी उरली असतील तर आधी कर्ज. भविष्य निर्वाह निधीला मात्र या कामासाठी हात लावू नये असं मला मनापासून वाटतं. तो म्हातारपणाचा पैसा आहे.

कराची सवलत जाईल म्हणून कर्ज ठेवणारेही भेटतात. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावर व्याजाची वजावट वर्षाला २ लाखांपर्यंतच मिळते. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याज ३ लाख ३७ हजार आहे, म्हणजे वरच्या १ लाख ३७ हजारांवर तसंही काही मिळत नव्हतं. नव्या करप्रणालीत राहत्या घरासाठी ही वजावटच नाही. आणि वजावट मिळाली तरी ३० रुपयांचा कर वाचवायला १०० रुपये व्याज भरावं लागतं. जुन्या प्रणालीत असाल तर मुदतीआधी भरलेलं मुद्दलही दीड लाखाच्या वजावटीत धरता येतं. त्या मर्यादेत जागा असेल तर मार्चअखेरच्या आत भरा.

चौथी पायरी: किती आणि कसं भरायचं

एकदम मोठी रक्कम हाती येईपर्यंत थांबू नका. तीन रीती सांगतो.

दरवर्षी एक हप्ता जादा. दिवाळीचा बोनस, पगारवाढीचा फरक, शेतीचे आलेले पैसे, कुठूनही. दर वर्षाअखेर ३४,७१३ रुपये भरत गेलात तर २० वर्षांचं कर्ज १६ वर्षं ८ महिने होता होता संपतं आणि सुमारे ८ लाख २० हजार वाचतात.

दरवर्षी हप्त्यात ५ टक्के वाढ. मला सगळ्यात आवडलेली रीत हीच. पगार वाढला की हप्ता थोडा वाढवायचा. दुसऱ्या वर्षी हप्ता ३६,४४९ होतो, तिसऱ्या वर्षी ३८,२७१. असं चालू ठेवलं तर कर्ज १२ वर्षं ३ महिन्यांत संपतं आणि १५ लाखांहून अधिक व्याज वाचतं. यात मनाशी रोज झगडावं लागत नाही, पैसे आपोआप कापले जातात. काही बँका अर्ज दिल्यावर हप्ता वाढवून देतात. एनएसीएच मंजुरीत, म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापायला तुम्ही दिलेल्या परवानगीत, कमाल रक्कम किती लिहिली आहे ते पाहा, नवा हप्ता तिच्या वर गेला तर मंजुरी नव्यानं द्यावी लागते. बँक हप्ता वाढवून देत नसेल तर वाढीव रक्कम दर महिन्याला स्वतः जादा म्हणून भरा.

तिसरी रीत म्हणजे ठेव मुदत संपून आलेली, सोनं किंवा गावाकडची जागा विकून आलेली एकरकमी रक्कम. ती हातात आली की पडून राहू देऊ नका. घरात आलेल्या पैशाला वाटा फार फुटतात.

घराचं बांधकाम अजून चालू असेल आणि तुम्ही प्री-ईएमआय भरत असाल, तर तुम्ही फक्त व्याज भरताय, मुद्दल अजून हललेलंच नाही. झेपत असेल तर पूर्ण हप्ता सुरू करून मागा.

पाचवी पायरी: दंड लागतो का?

बदलत्या दराचं, स्वतःच्या नावावरचं गृहकर्ज असेल तर बँकेला मुदतपूर्व परतफेडीवर शुल्क घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेनं जून २०१२ मध्येच हे थांबवलं. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या कर्जांसाठी नवे निर्देश लागू आहेत. बिगर-व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या व्यक्तींच्या बदलत्या दराच्या कर्जावर असं शुल्क नाही, पैसे कुठून आणले हा प्रश्न नाही, आणि अमुक महिने थांबा अशी अटही नाही. स्थिर दराच्या कर्जावर शुल्क लागू शकतं. पहिली दोन-तीन वर्षं स्थिर आणि नंतर बदलता दर असेल, तर भरण्याच्या दिवशी कोणता दर चालू आहे ते विचारा. पतसंस्थेचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेचे हे नियम तिथे लागू नाहीत, मंजुरीपत्र आणि संस्थेचे नियम पाहा.

सहावी पायरी: प्रत्यक्ष भरणा

इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो. पहिल्यांदा मी ॲपमधून १ लाख रुपये भरले आणि निश्चिंत झालो. पुढचे तीन हप्ते खात्यातून कापलेच गेले नाहीत. मला वाटलं काही तांत्रिक अडचण असेल. चौथ्या महिन्यात चौकशी केली तेव्हा कळलं की माझी रक्कम आगाऊ हप्ते म्हणून धरली होती. मुद्दलात त्यातलं वेगळं काहीच गेलं नव्हतं, आणि मी ज्या बचतीसाठी पोटाला चिमटा काढला ती झालीच नव्हती. तेव्हापासून मी भरण्यासोबत दर वेळी अर्ज देतो.

अर्ज साधा असतो: ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या गृहकर्ज खात्यात आज इतकी रक्कम जादा भरत आहे. ती आगाऊ हप्ता म्हणून न धरता पूर्णपणे मुद्दलात जमा करावी. मासिक हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी. सुधारित परतफेड तक्ता द्यावा.’ दोन प्रती न्या आणि एकीवर पोच म्हणून शिक्का घ्या. ॲपमधून भरत असाल तर ‘पार्ट पेमेंट’ हाच पर्याय निवडा आणि तोच मजकूर ईमेलनं पाठवा. काही ठिकाणी किमान रकमेची अट असते, ती आधी विचारून घ्या.

हप्ता कमी करायचा की मुदत? २ लाखांच्या त्याच उदाहरणात मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला तर तो ३२,९४२ होतो आणि वाचतं २ लाखांच्या आसपास. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर ७ लाख १० हजार. हा फरक येतो तो सुटलेले १,७७१ रुपये दर महिन्याला खर्च होतात म्हणून. तेवढे पुन्हा कर्जात भरत राहिलात तर दोन्हींचा हिशेब सारखाच. म्हणून ज्यांची मिळकत अनियमित आहे, धंदा आहे, त्यांनी हप्ता कमी करून घेऊन जुन्या हप्त्याइतकी रक्कम भरत राहणं शहाणपणाचं. अडचणीच्या महिन्यात कमी हप्त्यावर भागतं. पगारदारांनी मुदतच कमी करावी.

तारखेचंही पाहा. बँका सहसा रोजच्या शिल्लकेवर व्याज काढतात, म्हणजे आज भरलं तर उद्यापासून फायदा. काही गृहवित्त कंपन्या महिन्याच्या एका ठरावीक दिवसाची शिल्लक धरतात. तिथे तो दिवस विचारून त्याआधी भरा. आणि जादा भरलं म्हणून त्या महिन्याचा हप्ता चुकवायचा नाही, खात्यात तेवढे पैसे ठेवाच.

आठ-दहा दिवसांनी उतारा पुन्हा काढा. शिल्लक मुद्दल पूर्ण रकमेनं उतरलं का? उरलेले हप्ते कमी झाले का? हप्ता तोच आहे का? तिन्ही जुळले तरच भरणा झाला असं समजा. वर्षअखेरचं व्याज-मुद्दल प्रमाणपत्रही याच्याशी ताडून पाहा.

पैसा कर्जात घालायचा पण अडीअडचणीला काढताही यावा, असं वाटत असेल तर ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असतं, स्टेट बँकेचं मॅक्सगेन हे त्यातलं जुनं नाव. जादा पैसे त्या खात्यात ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि हवे तेव्हा काढता येतात. दर मात्र साध्या कर्जापेक्षा थोडा जास्त असू शकतो. धंदेवाल्यांना हे बरं पडतं. हाताशी पैसा दिसला की खर्च होणाऱ्या घरात याचा उपयोग नाही.

शेवटची पायरी: कर्ज संपवताना

शेवटची रक्कम अंदाजानं भरू नका. बँकेकडून त्या तारखेपर्यंतच्या व्याजासह फोरक्लोजरचं, म्हणजे कर्ज पूर्ण फेडून बंद करण्याचं, पत्र घ्या आणि त्यात दिलेल्या मुदतीत भरा. खात्यात शंभर-दोनशे रुपये बाकी राहिले तरी खातं बंद होत नाही आणि ते पुढे त्रास देतात.

पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत बँकेनं घराचे मूळ कागद परत केले पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. कागद कर्जाच्या शाखेतूनच घ्यायचे की दुसऱ्या कार्यालयातून, हेही तुम्ही निवडू शकता. कर्ज घेताना कागद जमा केल्याची यादी मिळाली होती ती सोबत न्या: मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, मुद्रांकाची पावती, आधीच्या मालकांचे करार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. पानं मोजून घ्या, मगच सही करा. बाकी नसल्याचा दाखला घ्या, उरलेले धनादेश परत मागा, एनएसीएच मंजुरी रद्द करा.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि दहा वर्षांनी घर विकताना अडकतात. सोसायटीच्या दप्तरात बँकेचा बोजा नोंदलेला असतो. बँकेचं पत्र सचिवांना देऊन तो काढून घ्या आणि तशी पोच मागा. प्लॉट किंवा बंगला असेल तर सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ रकान्यात किंवा शहरात मालमत्ता पत्रकावर बोजा दिसतो. सातबाऱ्यावरचा बोजा कमी करण्याचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून किंवा तलाठ्याकडे करता येतो. मालमत्ता पत्रकासाठी नगर भूमापन कार्यालय. नोंदणीकृत गहाणखत झालेलं असेल तर ते मोकळं केल्याचा दस्तही नोंदवावा लागतो. केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सरसाईत, बँकेनं बोजा संपल्याची नोंद केली का ते विचारा. कर्जासोबत विमा काढला असेल तर उरलेल्या काळाचा हप्ता परत मिळतो का, की पॉलिसी चालू ठेवता येते, तेही पाहा.

बँक दाद देत नसेल तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस संकेतस्थळावरून विनामूल्य तक्रार करता येते. गृहवित्त कंपनी असेल तर राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे.

दीड-दोन महिन्यांनी सिबिलचा, म्हणजे तुमच्या सगळ्या कर्जांच्या नोंदींचा, अहवाल काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात तुमच्या कर्जापुढे ‘बंद’ अशी नोंद आणि शिल्लक शून्य दिसली पाहिजे. दिसत नसेल तर बाकी नसल्याच्या दाखल्याची प्रत जोडून तिथेच दुरुस्ती मागा, आणि तो दाखला, नवा सातबारा किंवा सोसायटीची पोच, सगळं घराच्या मूळ करारनाम्याच्या फाइलीतच लावून ठेवा.